विजेची मशाल आणि ओली गोवरी : सोलापुरातले तीन दिवस

नववी 'ब'मधल्या एका पोराने डिसेंबरात भर वर्गात विचारलं, "सर, आपल्या इथला सगळा कचरा प्लाझ्माने उडवून का देत नाहीत?" त्याने फोनवर काहीतरी पाहिलं होतं. निळसर पांढरी ज्वाळा, त्यात पडणारा कचरा, खाली काचेसारखा काळा दगड आणि वर दिवे लागलेलं शहर. आमची शाळा हडपसरला. वारा फुरसुंगीच्या कचरा डेपोकडून आला की खिडक्या लावून शिकवावं लागतं, त्यामुळे प्रश्न अगदी नाकाशी संबंधित होता. मी "प्लाझ्मा म्हणजे पदार्थाची चौथी अवस्था" वगैरे पुस्तकी उत्तर दिलं आणि तास संपला. उत्तर मलाच पटलं नव्हतं.

सोलापूरला माझा मावसभाऊ आहे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. फोनवर सहज त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "प्लाझ्मा? आपल्याकडं रोज चालतोय की. ये बघायला. गड्डा हाय, हुरडा हाय. कचरा पण लई हाय." सव्वीस जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आले होते. निघालो.

शनिवार, २४ जानेवारी

सकाळची इंद्रायणी. डाव्या बाजूची खिडकी हवी की उजव्या, यावर डब्यातल्या एका आजोबांशी बरीच चर्चा झाली, कारण दोघांनाही भिगवणजवळ उजनीचं पाणी बघायचं होतं. शेवटी दोघंही दारात जाऊन उभे राहिलो. पाण्याच्या कडेला पांढरी-गुलाबी रेघ दिसली. रोहित पक्षी, असं आजोबा म्हणाले. मला गाडीच्या वेगात रेघच दिसली, पण मीही मान डोलावली.

कुर्डुवाडी गेल्यावर हवा बदलते. पुण्यात अंगात स्वेटर होता, सोलापूरला दुपारी उतरलो तेव्हा तो कमरेला बांधलेला. इथली जानेवारी पहाटे कुडकुडवते आणि दुपारी चटका देते. येणाऱ्यांनी दोन्हीची तयारी ठेवावी, टोपी तर हवीच.

मावशीने ताट मांडून ठेवलं होतं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, डाळ-मेथी, वर कच्चा कांदा. कडक भाकरी पुण्यातही पाकिटात मिळते, पण ती नुसती वाळलेली असते. मावशीची मोडली की कटकन आवाज येतो आणि तोंडात विरघळते. चटणी उखळात कुटलेली, इतकी की शेंगदाण्याचं तेल स्वतःहून बाहेर आलेलं. "मिक्सरमधली चटणी कोरडी राहते बाळा, तिला तेल सुटत नाही," हे मावशीचं शास्त्र. मी वहीत लिहून घेतलं. दादाने चेष्टा केली, "हा बघ, प्लाझ्मा बघायला आलाय अन् चटणी लिहायलाय."

संध्याकाळी गड्डा. सिद्धेश्वरांची यात्रा संक्रांतीला झालेली असते. नंदीध्वज, अक्षता, होम सगळं उरकलेलं, पण होम मैदानावरची जत्रा पुढे बरेच दिवस चालू राहते, तिला गड्डा म्हणतात. पाळणे, मौत का कुआँ, मोठमोठ्या भजीच्या कढया, भाग्यवान सोडती, प्लास्टिकच्या फुलांचे डोंगर. एका बाजूला भुईकोट किल्ल्याची तटबंदी, दुसरीकडे तळं आणि तळ्यात मंदिर. आधी मंदिरात जाऊन आलो. पाण्यावर दिव्यांची लांब प्रतिबिंबं पडली होती. आपापसात कुणी कन्नडमध्ये बोलत होतं, कुणी तेलुगूत, कुणी दखनीत, आणि फुलवाली मात्र या तिन्ही भाषांत एकाच भावाने हार विकत होती.

पायाखाली मात्र दुसराच गड्डा भरला होता. कागदी द्रोण, चहाचे कप, उसाची चिपाडं, कणसांची बुरकुंडं, कुरकुऱ्यांची पाकिटं आणि या सगळ्यावर सांडलेला रस, चटणी, पाणी. एक अक्का मोठं पोतं घेऊन बाटल्या वेचत होत्या. मी विचारलं, बाटल्याच का? त्यांनी माझ्याकडे मास्तराने ढ मुलाकडे बघावं तसं बघितलं. "बाटलीला भाव हाय. पुठ्ठ्याला हाय. ही चकचकीत पाकिटं कोण घेतंय? अन् भिजलेला पुठ्ठा बी कोण घेत न्हाई."

हे वाक्य पुढचे दोन दिवस माझ्या मागे लागलं. कारण कचऱ्यातून वीज काढायची म्हटलं की लागतं काय? जळण्याजोगं, म्हणजे उष्मांक असलेलं. कोरडा कागद, पुठ्ठा, प्लास्टिक. आणि नेमकं तेच अक्कांसारख्यांच्या पोत्यातून आधीच भंगारवाल्याकडे गेलेलं असतं. ते योग्यच आहे, त्यातून पुन्हा पुठ्ठा आणि प्लास्टिक होतं. पण मग भट्टीच्या वाट्याला उरते ती ओली भेळ.

(गड्ड्याला जाणाऱ्यांसाठी: शनिवार-रविवारी पाळण्यापेक्षा माणसंच जास्त फिरतात. मधला वार बघा, चपलेऐवजी बूट घाला, लहान मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवा.)

रविवार, २५ जानेवारी

रविवार म्हणजे वर्कशॉप बंद, त्यामुळे दादाला वेळ. सकाळी आठला शटर वर केलं. दादाने एक डबा दाखवला, साधारण सुटकेसएवढा. त्यातून निघालेली जाड केबल, तिच्या टोकाला पिस्तुलासारखी टॉर्च. शेजारी कंप्रेसर. "एवढंच?" मी म्हणालो. "मग काय रॉकेट पाहिजे होतं का बे?"

दहा एमएमची लोखंडी प्लेट टेबलावर ठेवली, अर्थिंगचा क्लॅम्प लावला, मला काळ्या काचेचा मुखवटा दिला. खट्कन आवाज आला, मग जोराचा फुत्कार, आणि प्लेट करवतीने थर्माकोल कापावा तशी कापत गेली. खालून ठिणग्यांचा पाऊस. पंधरा-वीस सेकंदांत प्लेटचे दोन तुकडे.

मी वर्गात सांगतो ते सगळं त्या फुत्कारात होतं. दोन टोकांमध्ये विजेचा कमान-झोत, म्हणजे आर्क, काढायचा. त्यातून दाबाची हवा सोडायची. हवेचे रेणू फुटतात, अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि हवा स्वतःच वीज वाहायला लागते. हाच प्लाझ्मा. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साडेपाच हजार अंशांच्या आसपास असतं. या झोताच्या गाभ्यात त्याच्या दुपटीहून जास्त असतं. आभाळातून पडते ती वीजही प्लाझ्माच. आपण मराठी माणसांनी पडणाऱ्या विजेला आणि तारेतून येणाऱ्या विजेला एकच नाव ठेवलं, यात कुणाची तरी दूरदृष्टी असावी. दादाच्या मशिनीत दुसरी पहिलीत बदलते.

कचऱ्याच्या भट्टीत हीच टॉर्च, फक्त हत्तीएवढी. फरक एक, आणि तो मोठा आहे: तिथे कचरा जाळत नाहीत. जाळायला भरपूर हवा लागते, इथे प्राणवायू मोजून देतात. दीड हजार अंशांच्या वर कचऱ्याचे रेणू टिकतच नाहीत. जे सेंद्रिय आहे, प्लास्टिक, लाकूड, कापड, चामडं, ते मोडून मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन उरतो. याला सिनगॅस म्हणतात. तो धुऊन, गाळून इंजिनात जाळला की वीज. जे जळण्यासारखं नाही, माती, काच, धातू, ते वितळून खाली साठतं, गार झालं की काळ्या काचेसारखा खंगर. शिसं-क्रोमियमसारखे जड धातू त्या काचेत अडकून पडतात, पाण्याबरोबर सहजी पाझरत नाहीत. पोराने पाहिलेली चित्रफीत खोटी नव्हती.

मग दादाने एक काम केलं ज्यासाठी मी त्याचा ऋणी आहे. टॉर्च उघडून आतला तांब्याचा तुकडा तळहातावर ठेवला. करंगळीच्या पेराएवढा, टोकाला बारीक काळा खड्डा. "हे इलेक्ट्रोड. ह्याच्यात मधी हाफ्नियम धातूचा ठिपका असतो. झोत त्यावरच बसतो, अन् हळूहळू तो खाऊन टाकतो. खड्डा पडला की फेकायचं. कंप्रेसरच्या हवेत पाणी आलं की संपलंच, दोन दिवसाचं नोझल दोन तासात जातंय. पावसाळ्यात मी रोज टाकीतलं पाणी काढतो."

"पाणी आलं की?"

"प्लाझ्माला पाण्याचं वाकडं हाय."

तिथेच पाठकोऱ्या चलनावर आम्ही हिशेब मांडला. शहराचा मिसळलेला कचरा घेतला तर निम्मं पाणी सहज असतं. एक टन कचरा म्हणजे पाचशे किलो पाणी. एक किलो पाण्याची खोलीतल्या तापमानापासून वाफ करायला साधारण ०.७ युनिट ऊर्जा लागते. म्हणजे टनामागे ३५० युनिट नुसती वाफ करायलाच, आणि ती वाफ पुढे हजार-दीड हजार अंशांपर्यंत तापवायची ती निराळी. दादाच्या घरी महिन्याला २०० युनिट येतात. "म्हणजे घंटागाडीतल्या एका टनासाठी माझं पावणेदोन महिन्याचं बिल, पाणी उकळायला?" दादाने चलन उलटं करून ठेवलं. हिशेब संपवायची ही त्याची पद्धत.

उलट कोरडं प्लास्टिक, रबर, तेलकट चिंध्या असतील तर गॅस भरपूर निघतो आणि टॉर्चने खाल्लेली वीज वजा जाऊन वर उरते. प्लाझ्मा कचऱ्याची जात विचारत नाही म्हणतात. झोत विचारत नसेल, बिल विचारतं.

तेलकट चिंध्यांवरून आठवलं. दादा हात पुसायला सुताचा गुंता वापरतो, त्याला इथे नुसतं 'वेस्ट' म्हणतात. ते येतं शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यांतून. सोलापुरी चादर जगाला माहीत, पण आता मागांवर टॉवेलच जास्त दिसतात. गल्लीच्या टोकाला एका अण्णांचे माग आहेत. घरात तेलुगू, कामगारांशी मराठी, हिशेब मनातल्या मनात कुठल्या भाषेत ते त्यांनाच ठाऊक. रविवार असूनही ते आले होते, "माग बंद असला की कान दुखतात" म्हणाले. त्यांच्याकडे कचरा म्हणून काही नाहीच. कातरण गॅरेजला, रुईचा फुफाटा गाद्यांना, पुठ्ठ्याच्या नळ्या परत गिरणीला. अडचण एकच, रंगाईतला गाळ. रंगाचं पाणी शुद्ध करताना तळाशी जो चिखल साठतो तो कायद्याने घातक कचरा. तो घंटागाडीत टाकता येत नाही. "आमच्या रंगाईवाल्याचा गाळ पिंपात भरून रांजणगावला जातो," अण्णा म्हणाले. "किलोवर पैसे मोजावे लागतात."

रांजणगाव! महागणपतीला आम्ही दरवर्षी जातो, पेढे घेतो आणि परत फिरतो. त्याच रांजणगावच्या एमआयडीसीत घातक कचऱ्यासाठी दिवसाला ७२ टन क्षमतेची प्लाझ्मा भट्टी उभारली गेली, अमेरिकेच्या वेस्टिंगहाऊस कंपनीच्या तंत्राची, २००९ च्या सुमारास. म्हणजे ज्या गोष्टीच्या शोधात मी घरापासून अडीचशे किलोमीटर आलो ती घरापासून पन्नास किलोमीटरवर. दादा हे ऐकून इतका हसला की मागांच्या खडखडाटातही ऐकू आलं.

पण यात एक सूत्र होतं. घातक गाळ, औषधांचा कचरा, कीटकनाशकांची पिंपं, यांची विल्हेवाट लावायला माणसं किलोवर पैसे मोजतात. तिथे वीज हे वरचं उत्पन्न, खरा धंदा नष्ट करण्याचा. असा कचरा थोडा असतो, त्याची जात ठाऊक असते, आणि साध्या भट्टीत अर्धवट जळला तर डायॉक्सिनसारखी विषं होतात. तिथे प्लाझ्माची धग सार्थकी लागते. अर्थात गॅस सावकाश गार होऊ दिला तर तीच विषं पुन्हा जुळतात, म्हणून त्याला झटक्यात थंड करावं लागतं. तापवण्याइतकंच गार करण्यातही कौशल्य आहे.

दुपारी होटगीच्या बाजूला दादाच्या मित्राच्या शेतावर हुरडा. हुरड्याचं कुणी नीट सांगत नाही म्हणून सविस्तर सांगतो. ज्वारीचं कणीस हिरवं, दाणा दुधातून नुकता चिकात आलेला. जमिनीत खोलगट खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, ती आगटी. कणसं निखाऱ्यात खुपसायची, भाजली की हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि गरम दाणे थेट पुढच्याच्या ओंजळीत. सोबत शेंगाची चटणी, गूळ, दही. बोलायचं कमी. चोळणारा माणूस शेवटपर्यंत उपाशी राहतो, तेव्हा मध्येच त्याची जागा घ्यावी, हा इथला शिष्टाचार.

आमची आगटी मात्र पेटेना. गोवऱ्या रात्री उघड्यावर राहिल्या होत्या, दहिवर पडून आतून सादळल्या होत्या. नुसता धूर. डोळे चोळत सगळे वाऱ्याच्या उलट बाजूला पळत होते आणि वारा आमच्यामागे. शेतमालकाच्या आईने शेवटी सगळं उपसलं, खोपीतून कोरड्या गोवऱ्या आणल्या आणि ओल्या त्यांच्या कडेने उभ्या लावल्या. "आधी वाळू दे तिला. ओली गोवरी जळत न्हाई, रडती." पाचेक मिनिटांत लालभडक आच. मी आणि दादाने एकमेकांकडे बघितलं. पाठकोऱ्या चलनावर आम्ही जे अर्धा तास मांडलं होतं ते आजींनी दोन वाक्यांत उरकलं होतं.

शेताच्या बांधावरून एनटीपीसीच्या औष्णिक वीजकेंद्राची धुराडी दिसत होती. ६६० मेगावॅटचे दोन संच. शेतमालक म्हणाला, रात्री त्यांचे लाल दिवे बघून वाट सापडते.

(हुरडा खायला यायचं तर जानेवारी सगळ्यात बरी. शेतावर आदल्या दिवशी फोन करून या, रविवारी तर नक्कीच. आणि जेवून येऊ नका.)

रात्री जेवताना विषय पुन्हा तिथेच. वहिनी एका खासगी दवाखान्यात परिचारिका आहेत. "भावजी, तुमचं प्लाझ्मा आमच्या नियमात लिहिलंय," त्या सहज म्हणाल्या. मला वाटलं रक्तातला प्लाझ्मा. तसं नव्हतं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत पिवळ्या पिशवीतल्या कचऱ्यासाठी जाळण्याच्या बरोबरीने प्लाझ्मा पायरोलिसिसचाही, म्हणजे न जाळता प्लाझ्माच्या धगीत कचरा मोडण्याचाही, पर्याय दिला आहे. वहिनींनी भाजी वाढता वाढता रंग सांगितले: पिवळ्यात शरीराचे भाग, रक्ताळलेला कापूस, जुनी औषधं. लाल पिशवीत नळ्या, सलाइनच्या बाटल्या, त्या निर्जंतुक करून तुकडे करायच्या. पांढऱ्या डब्यात सुया. निळ्यात काच. "कोविडात पिवळ्या पिशव्यांचा ढीग छातीपर्यंत जायचा. तेव्हा तुमची ती मशीन असती तर मी तिला नमस्कार केला असता." गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने दवाखान्याच्या कचऱ्यासाठी अशा लहान भट्ट्या भारतातच विकसित केल्या आहेत. प्लाझ्माच्या बातम्यांत नेहमी परदेशी नावं असतात, हे नाव क्वचितच येतं.

सोमवार, २६ जानेवारी

इथे माझा गाढवपणा सांगणं भाग आहे. तुळजापूर रस्त्याला सोलापूरचा कचरा डेपो आहे आणि तिथेच ओल्या कचऱ्याचा गॅस करून वीज काढणारा प्रकल्प उभारलेला आहे. तो बघायला परवानगीचा अर्ज घेऊन मी पुण्याहून आलो होतो. शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासहित. शनिवार, रविवार आणि सव्वीस जानेवारी या तीन दिवसांत हा अर्ज कोण घेणार होतं, हा विचार अर्ज टाइप करताना, शिक्का मारताना, प्लास्टिकच्या फाइलीत घालताना एकदाही मनात आला नाही. शिक्षक सुट्टीतच फिरतो, आणि बाकीच्यांनाही तेव्हाच सुट्टी असते हे विसरतो.

सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी गेलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात या गावात इंग्रजांनी मार्शल लॉ पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. पुतळ्यांना ताजे हार होते. बाजूला शाळेची मुलं जिलेबीचे पुडे सांभाळत रांगेत उभी. एका मुलीने रिकामा पुडा घडी घालून खिशात ठेवला. मी मास्तर आहे, माझ्या डोळ्यांतून असं काही सुटत नाही.

मग दादाच्या गाडीवरून तुळजापूरच्या दिशेने. आईचं दर्शनही होईल आणि वाटेत डेपोही दिसेल. डेपो आधी नाकाला कळतो, मग आभाळाला, कारण वर घारी फिरत असतात. मग डोळ्यांना. फाटक बंद. पहारेकरी काका प्लास्टिकच्या खुर्चीत, छातीला छोटा तिरंगा. अर्ज बघून ते इतके हळहळले की मलाच त्यांची समजूत घालावी लागली. आत सोडणं त्यांच्या हातात नव्हतं. पण समोरच्या टपरीवर त्यांनी आमच्याबरोबर चहा घेतला.

"पाऊस पडला की गाड्यांचं वजन वाढतंय," काका म्हणाले. "कचरा तेवढाच. पाणी आणून तोलायचं." उन्हाळ्यात टरबुजाची सालं, लग्नसराईत पत्रावळ्या, संक्रांतीनंतर उसाची चिपाडं आणि बोरं. काकांना कॅलेंडर लागत नाही. गाडी उलटली की महिना कळतो.

ओल्या कचऱ्यावरचा इथला मार्ग प्लाझ्माच्या अगदी उलटा. बंद टाकीत, प्राणवायूविना, जिवाणूंकडून तो कुजवायचा. मिथेन निघतो, त्यावर इंजिन. तापमान फार तर पन्नास-साठ अंश, काम करणारे जीव फुकट, आणि पाणी इथे शत्रू नाही, उलट लागतंच. गोबरगॅस आपल्याला नवा नाही, हा त्याचाच पैलवान भाऊ. अर्थात पोटात प्लास्टिक गेलं की गायीचं होतं तेच टाकीचं होतं. म्हणून इथेही आधी निवडणं आलंच. २०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांचं हे शहर. तेवढ्या लोकांची निवड फाटकाच्या आत बसून करायची तर कठीण.

टपरीवर दादाने विचारलं, "मग परदेशात कसं चालतंय?" मी शाळेत दिलं नव्हतं ते उत्तर तिथे दिलं. जपानच्या होक्काइदोत उताशिनाई गावी प्लाझ्माची मोठी भट्टी होती, २००३ च्या सुमारास सुरू झालेली. पुरेसा कचराच मिळेना, २०१३ मध्ये बंद. इंग्लंडमध्ये टीज नदीच्या खोऱ्यात एअर प्रॉडक्ट्स कंपनीने जवळजवळ पन्नास मेगावॅटचे दोन प्रकल्प उभारायला घेतले, ते धड चालेनात म्हणून २०१६ मध्ये सोडून दिले, जवळजवळ एक अब्ज डॉलर पाण्यात. आणि जिथे प्लाझ्मा शोभून दिसतो ती जागा म्हणजे अमेरिकेची विमानवाहू युद्धनौका जेराल्ड फोर्ड, २०१७ मध्ये नौदलात आलेली. तिच्यावर कॅनडाच्या पायरोजेनेसिस कंपनीची प्लाझ्मा भट्टी आहे. हजारो माणसं, समुद्रात वाटेल ते फेकायची सोय नाही, जागा टीचभर.

"आणि वीज?"

"बोटीवर अणुभट्ट्या आहेत."

"म्हणजे घरचीच," दादा म्हणाला. "बिल न्हाई."

पहारेकरी काकांनी कप टपरीच्या बादलीत टाकला. बादलीत चहाचा चोथा, कागदी कप, बिस्किटाचं पाकीट, लिंबाची सालं. काका माझ्या नजरेकडे बघून ओशाळले. "हितं समोरच टाकायचंय की ओ, किती लांब जातंय?"

तुळजापूरला गर्दी होती, दर्शनाला अडीच तास लागले. सुट्टीच्या दिवशी जाणार असाल तर पहाटे जा, यापेक्षा जास्त सांगण्यासारखं काही नाही. परतताना चादर घेतली. घेताना ती उजेडाकडे धरून बघा, आणि दोन्ही बाजूंनी नक्षी दिसते का तेही. दुकानदाराला घाई असली तरी तुम्हाला नसावी. शेंगाची चटणी घ्याल तर डब्यात घ्या. पिशवीत घेऊ नका. का ते पुढे आहे.

मंगळवार, २७ जानेवारी, परतीची पहाट आणि नंतर

हुतात्मा एक्सप्रेस सकाळी साडेसहाच्या सुमाराला सुटते. त्या चार हुतात्म्यांचंच नाव. प्लॅटफॉर्मवर थंडी, मावशीने दिलेल्या धपाट्यांची ऊब मांडीवर. दौंड येईपर्यंत धपाटे संपले आणि तेव्हा कळलं की चटणीच्या पिशवीला तेल सुटलंय. उखळातली खरी होती याचा पुरावा म्हणून माझ्या वहीची चार पानं पारदर्शक झाली होती. पाठकोरं चलन त्यातच होतं. ३५० चा आकडा तेवढा वाचता येतो.

बुधवारी नववी 'ब'चा तास. मी फळ्यावर टॉर्च काढली, सिनगॅस काढला, काळा खंगर काढला, ओल्या गोवरीचंही सांगितलं. मग खिशातून दादाने दिलेला तो तांब्याचा तुकडा काढून प्रश्न विचारणाऱ्या पोराच्या बाकावर ठेवला. त्याने उचलला, उलटसुलट केला, टोकाच्या खड्ड्यात पेन्सिलीचं टोक घालून बघितलं.

"सर, ह्याला चटणीचा वास येतोय."